भट्टीवरची लाल फुली

आमच्या अकोबो गावी येणारा पाहुणा आधी किल्ल्यात जातो आणि मग पुळणीवर. उलटं कुणी करत नाही. किल्ल्याला तळघर आहे. तिथून माणसं गुलाम करून समुद्रापार कशी नेली ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्या अंधारातून वर आलं की माणसाला वारा लागतो, उजेड लागतो आणि का कोण जाणे, पाय धुवावेसे वाटतात. मग ती सगळी उताराच्या वाटेनं खाली येतात. वाट जिथं संपते आणि पुळण सुरू होते, नेमक्या त्या जागी मासळी धुरावायच्या माझ्या भट्ट्या आहेत. माझ्या आधी आईच्या होत्या, आईच्या आधी तिच्या आईच्या. त्यामुळं किल्ल्यातून समुद्राकडं जाणारा प्रत्येक पाहुणा माझ्या धुरातूनच जातो.

इतकी वर्षं धुरामागं बसून पाहुणे पाहिले, आता चालीवरून ओळखते. जो खरंच रडून आलाय तो आधी काही घेत नाही. माझ्या ओट्यावर गप्प बसतो, पाण्याकडं बघतो आणि उठताना सगळ्यात जास्त मासळी तोच घेतो, भाव न करता. जो गळ्यात कॅमेरा अडकवून येतो तो भट्टीचा फोटो काढतो, माझा काढतो, मासळीचा काढतो आणि घ्यायची वेळ आली की म्हणतो, महाग आहे. आणि जो ‘वा वा, किती जुनं, किती सुंदर’ करत येतो त्याच्यासाठी मी उठतसुद्धा नाही. त्याचं पोट तारीफ करूनच भरलेलं असतं. कुणी म्हणेल, अराबा, तू दुसऱ्याच्या रडण्यावर धंदा करतेस. म्हणू दे. रिकाम्या पोटी कुणाचं दुःख हलकं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

कोबिना बेन्सिल मात्र यातल्या कुठल्याच जातीचा नव्हता. तो आमचाच. आमच्याकडं जन्मवारावरून नाव पडतं. मंगळवारी जन्मली ती अराबा, मंगळवारी जन्मला तो कोबिना. त्याची आई केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, विकायची, माझी आई मासळी. भट्टीतली मोडकी तारली आणि पानात गुंडाळलेली गरम केंकी खाऊन आम्ही दोघं एकाच ओट्यावर वाढलो. मग तो मिशनच्या वसतिगृहात गेला, तिथून राजधानीला, अक्राला, तिथून परदेशात, आणि परत आला तो पोट, काळा चष्मा आणि एक आराखडा घेऊन. नारळीच्या बागेत त्यानं पाहुण्यांसाठी घर बांधलं. पांढऱ्या भिंती, निळ्या खुर्च्या, छत्र्या. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. उलट त्याचे पाहुणे सकाळी फिरत फिरत माझ्याकडं यायचे आणि त्याच्या स्वयंपाकघरातला नाश्ता टाकून माझी तारली खायचे.

बहुधा तेच त्याला खुपलं. पण बोलला तो धुराबद्दल.

“अराबाताई,” म्हणाला, “तुझा धूर माझ्या खोल्यांत येतो.”

“धूर माझा आहे,” म्हटलं. “वारा माझा नाही. त्याच्याशी बोल.”

दिवसाचा वारा समुद्रावरून येतो आणि नारळीच्या बागेत शिरतो. ही गोष्ट घर बांधण्याआधी त्यानं कुठल्याही कोंबडीला विचारली असती तर तिनं सांगितली असती.

मग एक दिवस कळलं की पुळण त्यानं भाडेपट्ट्यानं घेतली. कुणाकडून घेतली, कशी घेतली, ते जिल्ह्याच्या गावी ठरलं. आम्हाला आला तो फक्त निरोप. उताराच्या वाटेवर फाटक बसणार. किल्ला, गाव आणि पुळण, तिन्ही मिळून पाहुण्याला एक तिकीट. होड्या खाडीच्या पलीकडं लागतील आणि भट्ट्याही तिकडंच जातील.

खाडीपलीकडं काय आहे? खडक. तिथं होडी लावायची म्हणजे होडी फोडायची. समजा, एखादीनं लावलीच, तर ती मासळी टोपात भरून, डोक्यावर घेऊन वाळूच्या पट्ट्यावरून आणायची; आणि भरतीला तो पट्टा पाण्याखाली. मासळीच्या धंद्यात सगळी किंमत जागेची असते. होडी वाळूला टेकते तेव्हा जिची भट्टी समोर, तिच्या हाती पहिली पाटी. दुसरीच्या हाती उरलेली. खाडीपलीकडच्या बाईच्या हाती वास. माझी भट्टी तिथून हलली की ती भट्टी राहत नाही, मातीचं मोठं मडकं होतं. एवढं मला निरोप ऐकता ऐकताच कळलं होतं.

मी बाजारातून परत आले तर प्रत्येक भट्टीवर लाल रंगाची फुली. खाली मोठ्या अक्षरांत: हटवा.

माझ्या शेजारी मान्साच्या भट्ट्या होत्या. ती वाळूत बसून गळा काढून रडत होती. मी टोपली खाली ठेवली आणि वारुळाची माती भिजवायला घेतली.

“अगं, तू काय करतेस?” मान्सानं डोळे पुसून विचारलं.

“भट्टी लिंपते. तडे गेलेत.”

“तडे? फुली दिसत नाही का तुला?”

“कुठाय फुली?” म्हटलं, आणि तिच्यावरून ओल्या मातीचा हात फिरवला.

भट्टी दर थोड्या दिवसांनी लिंपावीच लागते. त्यात बेकायदा काही नाही. त्याची माणसं पुन्हा फुली मारून गेली. मी पुन्हा लिंपली. माझ्या भट्ट्या त्या महिन्यात जितक्या जाड आणि गुळगुळीत झाल्या तितक्या आईच्या काळातही नव्हत्या. रंग त्याचा संपत होता, माती वारुळाची होती. मुंगी काही पैसे मागत नाही.

मान्सानं मात्र भरपाई घेतली. तिच्या भट्ट्या माझ्या डोळ्यांदेखत पहारीनं फोडल्या. बदल्यात खाडीपलीकडं नव्या भट्टीला पत्र्याची शेड आणि एक मोठा फ्रीज.

“फ्रीज दिलाय गं त्यानं,” ती मला ऐकवायला मुद्दाम आली. “पांढराशुभ्र, पेटीसारखा आडवा. दोन माणसं झोपतील एवढा.”

“आणि वीज?”

“येणार आहे.”

“मग तोवर झोप त्यात.”

ती चिडून गेली. पण जाताना तिनं आपल्या मोडलेल्या भट्ट्यांच्या जागेकडं पाहिलं ते मी पाहिलं. जिथं राख पडून पडून वाळू काळी झाली होती, तिथं ती क्षणभर चप्पल काढून उभी राहिली.

त्यानंतर कोबिना स्वतः आला. ओट्यावर बसला नाही. पँट पांढरी होती.

“ताई, किती दिवस माती फासणार?”

“तू किती दिवस रंग फासणार?”

“बुधवारी गवंडी येतील. फाटकाचे खांबही त्याच दिवशी उभे राहतील. मंगळवारी माझे पाहुणे येतायत, दोन बस भरून. मोठी माणसं आहेत. तेवढा एक दिवस तरी भट्टी पेटवू नकोस. जुन्या ओळखीचं म्हणून सांगतो.”

“जुन्या ओळखीचं म्हणून विचारते, मंगळवारच का रे निवडलास?”

तो हसला. अक्राचं हसू. “मंगळवारी समुद्र स्वच्छ असतो. जाळी नाहीत, होड्या नाहीत, शिवीगाळ नाही. ताटासारखा.”

तो चुकीचं काहीच म्हणाला नव्हता. मंगळवारी आमच्याकडं समुद्र झोपतो. त्या दिवशी मासे धरत नाहीत. ओट्यावरचे मंगळवार तो विसरला असणार आणि वसतिगृहाच्या खिडकीतून दिसलेलं तेवढंच लक्षात राहिलं असणार, रिकामं निळं पाणी. पण पाणी रिकामं असतं तेव्हा माणसं कुठं असतात, हे खिडकीतून दिसत नाही. ती सगळी पुळणीवर असतात. प्रत्येक होडी घरी, प्रत्येक मर्द हातात सुई घेऊन जाळं विणत, आणि झावळ्यांच्या मांडवात एग्या क्वान्सा. एग्या म्हणजे बाप. तो समुद्रावर जाणाऱ्या सगळ्यांचा मुखिया म्हणून सगळ्यांचाच बाप. आठवड्याभरातली भांडणं तो मंगळवारी निवडतो. कुणाचं जाळं कुणी फाडलं, कुणाची नांगरदोरी कुणी कापली. सुटीचा दिवस समजून चोरानं भरल्या चावडीवर यावं, तसा कोबिनानं वार शोधला होता.

मंगळवार उजाडला. मी भट्टी पेटवली. सोमवारची तारली भरपूर होती, आणि जाळायची नारळाची सोडणं जराशी ओली होती, त्याला माझा इलाज नव्हता. वारा समुद्रावरून होता.

बस आल्या. पाहुणे किल्ल्यात गेले, लाल डोळ्यांनी बाहेर आले, कोबिनाच्या अंगणात ढोल ऐकत बसले आणि तिथं पुन्हा त्यांचे डोळे लाल झाले. हे मात्र माझ्यामुळं. एक उंच म्हातारी, मोठ्या गवती टोपीची, खोकत खोकत थेट धुराच्या मुळाशी आली. समुद्रापलीकडची होती. ओट्यावर बसली आणि पाण्याकडं बघत राहिली. पहिल्या जातीची. मी तिला केंकी आणि एक तारली दिली, वर मिरचीचा ठेचा. ती खात होती तेव्हाच मागं इंजिनाचा आवाज झाला.

कोबिनाची पांढरी होडी कित्येक आठवडे बागेत गाड्यावर शोभेला उभी होती. ती तो खरंच पाण्यात घालील, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. नावाडी व्होल्टा नदीकडचा, त्याला आमचा मंगळवार काय माहीत. पाहुणे बसले, कोबिना पुढं उभा राहिला आणि होडी खडकाला वळसा घालायला निघाली, किल्ला समुद्रातून कसा दिसतो ते दाखवायला.

पुळणीवरच्या सगळ्या सुया थांबल्या. मांडवात कुणीतरी आपलं फाटकं जाळं वर धरून तावातावानं बोलत होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

होडी परत आली. पाहुणे गुडघाभर पाण्यात उतरले, ओले आणि खूश. तेवढ्यात एग्याच्या माणसानं मांडवातून एग्याचं वल्हं आणलं आणि होडीवर आडवं ठेवलं. आमच्यात हे वल्हं ज्या होडीवर आडवं पडलं ती होडी हलत नाही, आणि होडीचा मालक मांडवात गेल्याशिवाय घरी जात नाही.

कोबिना गेला. काळा चष्मा काढून गेला, हे त्याच्या बाजूनं मांडून ठेवते. मागोमाग पाहुणेही गेले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. टोपीवालीही तारली संपवून गर्दीत जाऊन उभी राहिली.

“एग्या,” कोबिना म्हणाला, “नियम मासे धरण्याचा आहे. मी मासे कुठं धरले?”

एग्या क्वान्साला दात कमी आहेत, त्यामुळं तो सावकाश बोलतो आणि लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात. “तू झोपलेला असताना मी तुझ्या पोटावरून चालत गेलो,” तो म्हणाला, “तर माझ्या हातात जाळं होतं की नव्हतं, हे तू बघशील का रे?”

मांडव हसला. कोबिनाही जरा हसला. पटकन मिटेल असं त्याला वाटलं.

“काय दंड असेल तो सांगा, एग्या. भरतो.”

“मेंढा.”

“दिला.”

“श्नॅप्सच्या दोन बाटल्या.”

“चार देतो.”

“दोन. समुद्र दारुडा नाही. आणि समुद्राचं जेवण, आज सूर्य बुडायच्या आत, तुझ्या हातानं. लाल पामतेलातला कुस्करलेला याम कंद, उकडलेली अंडी आणि मासा. जेवण मंगळवारीच देतात, हे तुला आठवत असेल. आज राहिलं तर पुढच्या मंगळवारी. आणि तोवर अकोबोतली एकही होडी पाण्यात जाणार नाही.”

आता मात्र मांडवात कुणी हसलं नाही. तारलीचा हंगाम होता. या दिवसांतला एक आठवडा म्हणजे पोरांची फी, मशीनचं तेल, घरावरचा पत्रा. सगळ्यांच्या माना कोबिनाकडं वळल्या आणि तिथंच राहिल्या.

कोबिनानं फोन काढला. माणूस कामाचा आहे, खोटं का बोला. मेंढा आला. बाटल्या त्याच्याच कपाटातून आल्या. याम, तेल, अंडी त्याच्या स्वयंपाकघरातून. राहिला मासा. मंगळवारी ताजा मासा धरता येत नाही, म्हणून समुद्राला या दिवशी धुरावलेला मासा देतात, आमच्या आज्यापणज्यांनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. कोबिनाचा आचारी खाडीकडं धावला आणि थोड्या वेळानं मान्साला घेऊन आला. डोक्यावर टोप, कानात ठेवणीतले डूल. एवढ्या वेळात डूल कधी घातले देव जाणे.

तिनं टोप एग्यापुढं ठेवला. एग्यानं एक तारली उचलून नाकाशी धरली.

“कुठल्या भट्टीतली?”

“माझ्या.”

“भट्टी कुठाय?”

“खाडीपलीकडं, आता तिकडंच ना मी…” मान्साचा आवाज अर्ध्यात बसला. तिला आठवलं. लहानपणापासून ऐकलेलं होतं तिनंही: समुद्राचं जेवण समुद्रासमोरच्या भट्टीतलं.

“मग ही खाडीला दे,” एग्या म्हणाला. रागानं नाही.

“अहो एग्या, मासा तोच, हात तोच! गेल्या महिन्यापर्यंत इथंच होते की मी!”

“हो. गेल्या महिन्यात आली असतीस तर घेतली असती.”

त्यानंतर सगळा मांडव, सगळी पुळण, दोन बस भरून पाहुणे आणि एक मेंढा, सगळे माझ्याकडं बघायला लागले. समुद्रासमोर पेटलेल्या भट्ट्या आता फक्त माझ्या होत्या.

मी उठले नाही. उलटा टोप होता, त्यावर बसून राहिले. कोबिना वाळू तुडवत आला. बूट हातात होते.

“ताई, मासळी दे. सांगशील ती किंमत.”

“विकायची नाही.”

“दुप्पट.”

“विकायची नाही म्हणाले ना.”

“अगं, सगळी भट्टी घेतो! पाटीसकट!”

“पाटीसकट कशाला, जागेसकट घेतलीच आहेस की. कागद आहे ना तुझ्याकडं? तोच वाढ समुद्राला, लाल तेल लावून.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, पण ते हसू लगेच विरलं. जवान नाखव्यांपैकी एकजण पुढं आला, एबो त्याचं नाव, तोंडाचा फाटका. “मावशी, तुमचं दोघांचं भांडण आमच्या पोटावर कशाला? मासा देऊन टाक!”

“देऊन टाक,” आणखी दोघं म्हणाले. मग बरेच.

खरं सांगते, कोबिनाशी लढणं सोपं होतं. तो एकटा आणि पांढऱ्या पँटीतला. पण ही माणसं म्हणजे माझी पहिली पाटी. यांनी तोंड फिरवलं तर भट्टी राहून तरी काय उपयोग? एग्यासुद्धा मांडवातून उठून आला.

“अराबा,” तो हलकेच म्हणाला, “उद्या होड्या जाऊ दे, पोरी.”

“जाऊ दे की, एग्या. मी कुठं अडवलं? पण उद्या सकाळी होड्या जातील आणि उद्याच सकाळी याचे गवंडी येतील. दुपारी होड्या परत येतील तेव्हा इथं फाटक असेल. तुमची होडी कुठं लावणार, सांगा. ए एबो, तू सांग. खाडीपलीकडच्या खडकावर? तुझी होडी अजून बँकेच्या हप्त्यावर आहे म्हणतात. खडकाला हप्ता कळतो का?”

एबो मान वळवून खाडीपलीकडच्या खडकांकडं बघायला लागला.

“तुम्हा सगळ्यांना फुल्या दिसत होत्या,” मी म्हटलं. आवाज जरा चढला होता, चढू दिला. “मी माती भिजवत होते तेव्हा एकजण तरी घागरभर पाणी घेऊन आला का? म्हणालात, बायकांच्या भट्ट्यांचं आहे, बायका बघतील. बघतेय मग बाई. आता घाई करू नका.”

सूर्य नारळीच्या शेंड्यांपर्यंत उतरला होता.

“तुला हवंय तरी काय?” कोबिना म्हणाला. आता तो अक्राचा राहिला नव्हता, आमच्याच बोलीत बोलत होता.

“फुली तू मारलीस. तूच लिंप.”

“काय?”

“माती तिकडं टोपात भिजतेय. सगळ्या भट्ट्या, तुझ्या हातानं. आणि ते खांब रचून ठेवलेत ना, ते परत बागेत.”

“पाहुण्यांसमोर?”

“फुली मारलीस तेव्हा मी बाजारात गेले होते. मी तुझ्या तोंडावर सांगतेय, एवढा तरी फरक राहू दे.”

तो उभा राहिला. माझ्याकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. पाहुण्यांना त्यांचा वाटाड्या सगळं कुजबुजत सांगत होता. मध्येच ती टोपीवाली पुढं आली. बोटातल्या अंगठ्या काढून तिनं खिशात टाकल्या, बाह्या सारल्या आणि मातीच्या टोपाकडं वाकली. डोळे भरलेले. तिला वाटलं असेल, कुणीतरी सुरुवात करावी.

मी तिचा हात धरला. “तू नाही, बाई,” म्हटलं. “ही फुली तुझी नाही. तू बस, तुला आणखी एक तारली देते.”

वाटाड्यानं ते तिला सांगितलं. ती बसली. बसून तिनं कोबिनाकडं असं पाहिलं, की माझ्या इतक्या महिन्यांच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या एका नजरेनं झालं.

कोबिनानं बूट वाळूत ठेवले, पँट दुमडली आणि टोपात हात घातला.

पहिल्यांदा काय केलं त्यानं माहीत आहे? माती उचलली नाही. आधी ओंजळभर पाणी भट्टीवर मारलं, भिंत ओली केली, मग तळव्याच्या कडेनं खालून वर माती ओढली. नवख्या माणसाला हे सुचत नाही; तो कोरड्या भिंतीवर माती थापतो आणि दुसऱ्या दिवशी पोपडे गोळा करतो. माझ्या आईनं शिकवलं होतं त्याला, मोडक्या तारलीच्या बदल्यात. हात विसरले नव्हते. मी ते पाहिलं आणि तोंड वळवलं, कारण माझ्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते त्याला फुकट दाखवायची माझी इच्छा नव्हती.

“कडेनं राहिलीये,” मी म्हटलं. “तिथं ‘ह’ दिसतोय अजून.”

“दिसतोय, दिसतोय,” तो पुटपुटला. “लहानपणीही असंच डोक्यावर बसायचीस.”

शेवटची फुली मातीखाली गेली तेव्हा एबो आणि त्याचे सोबती खांब खांद्यावर घेऊन बागेकडं निघाले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी भट्टीची वरची जाळी उचलली, सगळ्यात अखंड, सोन्यासारखी तारली निवडली आणि केळीच्या पानावर ठेवून कोबिनाच्या मातीच्या हातात दिली.

त्यानं खिशाकडं हात नेला.

“ठेव,” म्हटलं. “विकत नाही म्हणाले होते ना? दिली.”

त्याला कळलं. व्यापारी माणूस आहे. विकली असती तर व्यवहार तिथंच मिटला असता; दिलेली गोष्ट मिटत नाही. तो एकदा माझ्याकडं बघून खिन्नसा हसला आणि पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं याम, अंडी, मासा लाटेवर सोडले. एग्यानं श्नॅप्स ओतली. लाटेनं सगळं एका घोटात घेतलं. सूर्य बुडायला अजून बोटभर अवकाश होता.

बुधवारी होड्या गेल्या. बुधवारी गवंडीही आले. आपला मालक सांगेल म्हणून ओट्यावर बसून राहिले. मालक आला नाही. मी त्यांना केंकी विकली, मासळी विकली, आणि दुपारी ते बागेत कसलीशी भिंत बांधायला गेले. धुराच्या बाजूची.

भाडेपट्टा अजून आहे. तो कोबिनानं फाडला वगैरे काही नाही. अशा गोष्टी गाण्यांत होतात. तो पुन्हा जिल्ह्याच्या गावी जाऊन आला असं ऐकते. एग्याही जाऊन आला, सोबत सगळे नाखवे घेऊन, मंगळवार सोडून. फाटकाचे खांब बागेत पडून आहेत, त्यावर आता कोंबड्या बसतात. काय होईल ते होईल. रंगाचा डबा बाजारात अजून मिळतो, हे मलाही ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मान्सा आली. ओट्यापाशी उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, “माझी जागा अजून रिकामी आहे का गं?”

“काळी वाळू तशीच आहे,” म्हटलं. “मी कोंबडीलाही बसू दिलं नाही तिथं.”

“एग्या काय म्हणेल?”

“एग्याचं एग्या म्हणेल. तू वारूळ फोडायला लाग. माती पुष्कळ लागणार आहे. आणि येताना तो फ्रीज उचलून आण.”

“फ्रीज? वीज कुठं आहे इथं?”

“वीज कशाला? झाकण काढ आणि माती भिजत घाल त्यात. दोन माणसं झोपतील एवढा आहे म्हणालीस ना? मग त्यातली माती दोन बायकांच्या भट्ट्यांना वर्षभर पुरेल. मारू दे फुल्या.”